पायथ्याची बल्ली

दफेदार कापगते अडथळ्याकडे जायचे ते वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, मान पुढे काढून, आणि शेवटची दोन पावलं उरली की डोळे मिटून घ्यायचे. तसेच मिटल्या डोळ्यांनी चालत जाऊन ओंडक्याला छाती टेकवायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"काय करून राहिले दफेदार?"

"घोडा होऊन राहिलो," ते म्हणाले. "शेवटल्या पावलाले घोड्याले समोरचं दिसत नाई, भाऊ. दोन पावलं मागं जे पाहिलं, त्याच्या भरोशावर तो उडी घेते. म्हणून त्याले मागूनच समदं साफ दिसलं पायजे."

घोडदळातून निवृत्त होऊन ते गावी परतले होते आणि बोदलकसा तलावाजवळ आम्ही काही हौशी लोकांनी रायडिंग क्लब काढला होता. मी सेक्रेटरी. आमची राईस मिल, त्यामुळे घोड्यांतलं मला कोंड्यापुरतंच कळायचं. क्रॉस-कंट्रीचा मार्ग आखायचं काम दफेदारांचं. मोकळ्या रानातून घोडा पळवायचा आणि वाटेतले ओंडके, चर, पाणी ओलांडायचं, अशी ही शर्यत. मैदानावरच्या उड्यांत पाय लागला तर दांडी खाली पडते. इथला ओंडका जमिनीत पक्का असतो. तो पडत नाही, घोडा पडतो.

त्यांचे पूर्वज तलाव बांधणारे. पाणी कुठून येईल, कुठे थांबेल हे नुसतं जमीन पाहून सांगणारी माणसं. दफेदार तसंच घोड्याचं सांगायचे. "इथं तो कान टवकारन. इथं बिचकन. इथं सवाराचं आयकनच नाई." एक अडथळा आखायला ते चार दिवस घ्यायचे. सकाळी, दुपारी, उन्हं कलताना, प्रत्येक वेळी त्याच जागी जाऊन उभे राहायचे. मी वैतागायचो. "अहो, ओंडका आहे, ताजमहाल नाही!"

"ताजमहालावर कोनी घोडं घालत नाई, भाऊ."

अडथळे सोपे असावेत असं मात्र त्यांना मुळीच वाटत नसे. तलावाच्या बांधाखालचा त्यांचा नववा अडथळा पाहून भले भले सवार ओठ चावायचे. उतारावरून येऊन मोहाच्या झाडाशेजारच्या जाड ओंडक्यावरून उडी, आणि पलीकडे लगेच पाणी. "घोड्याले अवघड सवाल घालाचा," ते म्हणायचे, "पन त्याले फसवाचं नाई. फसवलेला घोडा दुसऱ्या खेपेले भरोसा ठेवत नाई." म्हणून त्या ओंडक्याच्या पायथ्याशी, थोडी अलीकडे, त्यांनी सोललेल्या फिकट लाकडाची एक बल्ली आडवी ठेवली होती. दहानंतर मोहाची सावली ओंडक्याच्या बुडाशी येते, जमीन आणि लाकूड एकच काळं दिसू लागतं. त्या पांढऱ्या रेघेवरून घोड्याला कळायचं की उडी कुठून घ्यायची.

पल्लवी त्यांची शिष्या. फुलचूरची, कॉलेजात शिकणारी, वडील शाळामास्तर. दफेदारांना मुलगी नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचे. तिच्यावर ओरडायचेही तसेच. "ए पोट्टी! लगाम आहे का बादलीची दोरी?" ती उलट म्हणायची, "काका, तुम्ही घोडा होऊन राहता ना, मग मी तुमच्यावरच बसते!" क्लबातला राघू नावाचा घोडा इतर कुणाचं ऐकत नसे. तिचं ऐकायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नागपूरहून आलेले सवार मार्ग पाहत फिरत होते. मी बरोबर. नवव्या अडथळ्यापाशी त्यांच्यातला एक हसला. "सेक्रेटरी साब, ये तो बच्चों वाला काम हो गया. नीचे लाइन खींच के दी है!" बाकीचे हसले. मीही हसलो. पण रात्रभर एकच वाटत राहिलं, आपला मार्ग नागपूरवाल्यांना पोरखेळ वाटला.

दुसऱ्या दिवशी नवव्या अडथळ्यावर पंच मीच होतो. दफेदार पहाटे सगळा मार्ग वाकून, डोळे मिटून तपासून गेले होते आणि आता चौथ्यावर होते. मी एकटाच होतो. बल्लीचं एक टोक उचललं, दुसरं उचललं आणि ती घाणेरीच्या झुडपामागे लोटली. विडी विझवायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

पहिले चार घोडे छान गेले. मला वाटलं, बघा, काही बिघडलं नाही. मग आमच्या यादीत घोळ झाला आणि पाऊण तास शर्यत थांबली. तेवढ्यात सावली सरकली. पाचवी पल्लवी. राघू उतारावरून आला, कान टवकारलेले, आणि फार पुढे येऊन उडाला. पुढचे दोन्ही पाय ओंडक्याला अडकले. तो उलटून पलीकडे पडला.

मी आधी घोड्याकडे गेलो नाही. पोरीकडेही गेलो नाही. मी बल्लीकडे गेलो. ती ओढत आणून जागेवर ठेवली, आणि मग ओरडत पलीकडे धावलो.

राघूची मान मोडली होती. पल्लवीचा खांदा. दफेदार सायकल टाकून पळत आले, त्यांनी राघूच्या डोळ्यांवर हात ठेवला, आणि मग त्यांची नजर ओंडक्याच्या बुडाशी गेली. बल्ली होती.

चौकशीला क्लबचे तिघे जण बसले. पल्लवी गळ्यात हात बांधून आली. म्हणाली, "खाली बल्ली नव्हती. मला दिसली नाही, राघूलाही दिसली नाही."

दफेदार उभे राहिले. "बल्ली म्या माह्या हातानं ठेवली. माह्या डोळ्यानं पाहिली, पयले बी आन मंग बी. घोडा गेला तं गेला, पोट्टी. पन तू खोटं काऊन बोलून राहिली?"



अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुम्ही तिथंच होता. बल्ली होती का?"

"होती," मी म्हणालो.

एवढाच शब्द. त्यानंतर पल्लवी क्लबात आली नाही. दफेदारांनी नववा अडथळा स्वतः कुऱ्हाडीनं तोडला आणि पुन्हा मार्ग आखला नाही. तिचं नाव कुणी काढलं की उठून जायचे.

सात वर्षांनी ते आजारी पडले. फुप्फुसं गेली होती. मी फळं घेऊन दर आठवड्याला जायचो. लोक म्हणायचे, सेक्रेटरी किती करतात. एके दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं.

"भाऊ, तुमी तिथं उभे होते. राघूनं काय पाहिलं असन? म्या पडल्यापडल्या रोज डोळे मिटून त्या उतारावरून येऊन राहिलो. बल्ली साफ दिसते. तरी तो पडते. काऊन?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं.

मला वाटलं, थुंकतील. ते म्हणाले, "म्हंजे पोट्टी खरं बोलून राहिली होती." आणि मग, "तिले आना. तुमीच आना, आन तुमीच सांगा. माह्या तोंडून नोको. मले फक्त तिचं तोंड पाहाचं आहे."

"आणतो," मी म्हणालो.

फुलचूर तासाभराच्या वाटेवर. मी गेलो नाही. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला, "मामाजी इचारून राहिले, पल्लवी आली का?" मी सांगितलं, ती बाहेरगावी गेली आहे. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथा फोन आला तो ते गेल्याचा.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी फुलचूरला गेलो. ती आता शाळेत शिकवते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, फळ्यावर डाव्या हातानं लिहिते. तिनं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. रडली नाही.

"काकांना कळलं होतं?"

"हो."

"कधी?"

"जायच्या अकरा दिवस आधी. तुला आणायला सांगितलं होतं मला."

"मग?"

"मी सांगितलं, तू बाहेरगावी आहेस."

"शाळेला सुट्ट्या होत्या," ती म्हणाली. "अकराही दिवस मी घरीच होते, सर."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं डावा हात वर केला. "ते नको. तिघांसमोर 'होती' म्हणालात ना? आता सगळ्यांसमोर सांगा. लिहून."

म्हणून हे लिहिलं. दफेदार मनिराम कापगते यांच्या अडथळ्यात खोट नव्हती. राघू चुकला नाही. पल्लवी खोटं बोलली नाही. बल्ली नव्हती. ती मी काढली होती.