सुक्या बारचा जॉबर

"हा कर."

ही जॉबरची नमस्काराची पद्धत होती. माणूस कोणीही असो, जिन्याच्या दारात जॉबर त्याला अडवायचा, मान तिरकी करून नाक पुढे काढायचा आणि म्हणायचा, "हा कर." गॅस सिलिंडरवाल्याने हा केलं आहे. मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला करावं लागलं आणि तो त्या दिवशी जिना चढला नाही. घर माझं, जिना माझा, पण गच्चीतली टाकी बघायला निघालो की मलाही तोंड उघडावं लागायचं.

आमच्या वडप्याला भाताची शेतं जाऊन गोदामं आली, तेव्हा मीही इतरांसारखं हायवेला दुमजली घर बांधलं. वरचा मजला एका संस्थेने भाड्याने घेतला. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेली माणसं थेट घरी जाण्याऐवजी काही महिने इथे राहणार, दिवसा कामावर जाणार, संध्याकाळी परत येऊन आपली आपण रांधून खाणार. अट एकच, दारू नाही. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'सुका बार' असं बारसं केलं. ट्रकवाले नाव ऐकून चौकशीला यायचे आणि हा करून परत जायचे.

तिथली व्यवस्था पाहायला हा माणूस आला. जन्म निजामपुऱ्यातला, हयात पॉवरलूम दुरुस्त करण्यात गेलेली. असा कारागीर म्हणजे जॉबर, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. पूर्वी तोही भरपूर प्यायचा. "सेठ, मी प्यालो ती सगळी इथं ओतली ना, तुमचा खालचा मजला बुडंल," असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. मी कसला सेठ, पण तो ऐकत नसे.

मी त्याला एकदा विचारलं, "केंद्रात बरी झालेली माणसं पुन्हा इथे कशाला साठवता?"

"केंद्रात दारू मिळत न्हाय म्हणून पीत न्हाय. त्यात काय मोठं?" तो म्हणाला. "इथं खाली उतरलं की समोर वाइन शॉप. रिपेअर झालेली लूम लगेच सोडून जायचं नसतं सेठ. थोडे दिवस बाजूला उभं राहून आवाज ऐकायचा असतो."

म्हणजे तो दिवेलागणीला या माणसांना कोथिंबीर निवडायला बसवून आवाज ऐकत असे. आवाज पुष्कळ होता. डाळीत मीठ कोणी जास्त टाकलं यावरून वर जी भांडणं चालत, तशी दारू पिऊनही आमच्या गावात कोणी केली नसतील.

एक दिवस वर गेलो तर जिन्यातच गॅसचा भपकारा आला. जॉबर शेगडीजवळ शांतपणे लसूण सोलत बसला होता. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि ओरडलो, "वास येत नाही तुम्हाला?"

"न्हाय," तो म्हणाला. "कापसाच्या धुळीनं नाक कधीच गेलंय."

"मग दारात हा कशाला करायला लावता?"

"प्यालेला माणूस हा करायच्या आधी विचार करतो. न प्यालेला शिवी देतो." मग हळूच म्हणाला, "संस्थेत कुणाला बोलू नका. माझी नोकरी जाईल."

अशा या माणसाच्या ताब्यात माझा चुलतभाऊ हरेश आला. हरेशचं घर दोन गल्ल्या सोडून, तरी हा गडी आपल्याच गावात परक्यासारखा राहत होता. त्याची मुलगी भाविका हिचं लग्न ठरलं होतं आणि वहिनीने सगळ्या भाऊबंदांसमोर सांगितलं, "हळदीला प्याले तर कन्यादानाला बसायचं न्हाय. भावजी बसतील." भावजी म्हणजे मी. कन्यादान करणाऱ्याने उपाशी राहायचं असतं, म्हणून लग्नाच्या दिवशी मीही उपाशी राहायचं ठरलं. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू निदान पाणी तरी पितो, मला चहाही बंद होता.

आमच्याकडची हळद तुम्ही पाहिली असेल तर पुढचं सांगायला नको. लग्नाला माणूस नाही आला तरी चालतं, हळदीला कोरडा राहिला तर नातं तुटतं. बँजो सुरू झाला, मांडवामागे खोकी फुटली. जॉबर इस्त्रीचा शर्ट घालून, वरची सगळी मंडळी घेऊन आला होता. ती बिचारी शुद्धीत नाचत होती आणि इतकं वाईट नाचणं मी जन्मात पाहिलं नाही.

अंधार पडता पडता भाविकाच्या मामाने पहिला ग्लास देवाला दाखवला आणि तोच हरेशच्या हातात दिला. "देवाचं हाय. नवरीच्या बापानं न्हाय म्हणू न्हाय."

हरेशने ग्लास घेतला. ठेवला नाही, प्यायलाही नाही.

जॉबर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. ग्लासाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "हरेश, भूक लागली काय?"

"लागली."

"चल मग, खिचडी टाकू."

हरेशने ग्लास माझ्या हातात दिला आणि पोटच्या पोरीची हळद सोडून तो जॉबरबरोबर खिचडी करायला निघून गेला. मामा भडकला, भाऊबंद कुजबुजले. भाविकाने मात्र हळदीचं ताट उचललं आणि ती मांडवातून सरळ सुक्या बारकडे चालू लागली. मागोमाग बँजो आणि सगळे पाहुणे. जिन्याच्या दारात जॉबर उभा होताच. त्याने एकेकाला हा करायला लावलं. मामा खालीच राहिला, बँजोवालाही खाली राहिला. वर पोचलो ते बायका, पोरं आणि मी. हरेश तांदूळ निवडत होता. पोरीने त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली. मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त होता. हरेश धुतलेले कपडे घालून आला, मागे चार पावलांवर जॉबर. वहिनीने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "टोपी कुठं हाय?" मग तीच टोपी शोधायला आत गेली.

जॉबर माझ्याजवळ आला. "सेठ, तुम्ही जेवून घ्या."

"कन्यादान होऊ दे आधी," मी म्हणालो. "काय भरवसा त्याचा?"

तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नात माझा मेव्हणा असाच उपाशी बसवलेला. त्याला जेव म्हणायला कुणी आलं न्हाय. कन्यादान त्यानंच केलं."

गेल्या वर्षी जॉबर गेला. नाक आधीच गेलं होतं, मग फुप्फुसं गेली. वरच्या दारात आता दुसरा माणूस असतो, तो नुसता नमस्कार करतो. पण जॉबर म्हटलं की मला त्या दुपारचा तो आठवतो. मी आचाऱ्याकडून ताट मागून घेतलं. जॉबर समोर उभा राहिला, आणि माझा पहिला घास पोटात गेलेला पाहिल्यावरच मांडवातून बाहेर पडला.