एक खरी गाठ

फुप्फुसाचं चित्र पडद्यावर आलं की सर स्वतःचा श्वास रोखून धरत. तुमचा कधी सीटी स्कॅन झाला असेल तर आठवेल, आत झोपवल्यावर एक आवाज सांगतो, "साँस भरिए, रोकिए." रोग्यानं तेव्हा रोखलेला श्वास सर आता खुर्चीत बसून त्याच्यासोबत रोखत. चित्र पुरतं पाहून झालं की मोठ्यानं म्हणत, "छोड़िए!" आणि मग आपला सोडत.

सर निवृत्त रेडिओलॉजिस्ट. छातीच्या स्कॅनमधली गाठ साधी की घातक, हे संगणकाला ओळखायला शिकवण्याचं काम आम्ही इंदूरमध्ये करत होतो. घातक गाठींची खरी चित्रं आमच्याकडे फार थोडी. म्हणून तशी बनावट चित्रं संगणकाकडूनच करून घ्यायची आणि त्यांवर त्याला शिकवायचं. ती खऱ्यासारखी दिसतात का, हे सांगायला सर कृष्णपुऱ्याहून स्कूटरवर येत.

पहिल्याच दिवशी, खरी आणि बनावट चित्रं मिसळून दाखवताना, एका चित्रापाशी ते थांबले. "याला आजच फोन लावा. ही गाठ थांबणारी नाही. कुठला आहे हा? गौतमपुऱ्याकडचा असला तर यायला वेळ लागेल."

माझा सहकारी हळूच म्हणाला, "सर, ये कोई है ही नहीं. कंप्यूटर ने बनाया है."

सरांनी पडद्याकडे बोट केलं. "अरे भिया, मग मी साँस कोणासाठी रोखली?"

त्यानंतर बनावट चित्र त्यांना बहुधा लगेच ओळखू यायचं. "या भल्या माणसाला पसली एक जास्त दिली तुम्ही. वापस घ्या." कधी म्हणत, "फारच सभ्य गाठ आहे गं ही. खरी इतकी सरळ वागत नाही, बेटा." आम्ही हसायचो. मला मात्र हसताना भीतीही वाटायची, कारण आमचं यंत्र याच सभ्य गाठींवर शिकत होतं.

मग एका हिवाळ्यात त्यांचं "छोड़िए" लवकर येऊ लागलं. त्याआधी खोकला येई. लालबागेत रोज पूर्ण चक्कर मारणारे सर सांगू लागले, "आजकल मधेच बसतो. झाडं बघतो." आमच्या खोलीत दिवसभर लोकांच्या छात्या पाहिल्या जायच्या. खुर्चीतल्या माणसाच्या छातीविषयी कोणी काही बोललं नाही.

एका दुपारी त्यांनी खिशातून सीडी काढून माझ्यासमोर ठेवली. "माझीच आहे. लाव. मी नंतर बघतो, आधी त्याला विचार."

यंत्रानं गाठीभोवती हिरवी चौकट काढली. हिरवी म्हणजे साधी.

"बघ! म्हणतो, साधी आहे." सर हसले. मग खुर्ची पुढे ओढून स्वतः पाहू लागले आणि हसू ओसरलं. गाठीच्या कडा उसवल्यासारख्या दिसत होत्या. मी डॉक्टर नाही, पण त्यांच्या शेजारी बसून मलाही एवढं कळू लागलं होतं.

"काय म्हणतेस?"

"सर, बायोप्सी करून घ्या."

"ते तर करतोच गं. पण एकदा, एकदाच, हा बरोबर निघू दे."

रिपोर्ट येईपर्यंत मी ते चित्र पुन्हा पुन्हा यंत्रापुढे ठेवत होते. दर वेळी हिरवी चौकट. तेच उत्तर देण्याचा त्याला कंटाळा नव्हता आणि मला त्यातून धीर मिळत नव्हता.

गाठ घातक निघाली.

उपचार सुरू झाल्यावर सर एकदा आले, मफलर गुंडाळून. सहकारी म्हणाला, "सर, आपका स्कैन ट्रेनिंग में डाल दें? मशीन सीखेगी."

"बिलकुल नाही," सर म्हणाले. "शिकवलं की पाठ करेल तो. नाव काढा आणि परीक्षेत ठेवा. त्याच्या दर नव्या आवृत्तीला विचारा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि चुकला तर दवाखान्यात पाठवू नकोस हं. कोणी तरी त्याचं ऐकून घरी जाऊन बसेल."

उन्हाळ्यात सर गेले.

त्यांचा स्कॅन परीक्षेत आहे. नाव नाही, पण ती उसवलेली कड मी कुठेही ओळखेन. त्यानंतरच्या कितीतरी आवृत्त्या तिथे चुकल्या. गेल्या आठवड्यात मात्र गाठीभोवती लाल चौकट आली. सहकारी उठून उभा राहिला. "दीदी, हो गया! भेज दें?"

मी पुढची चित्रं पाहत गेले. आधीच्या आवृत्तीनं अचूक पकडलेली एक गाठ या वेळी हिरव्या चौकटीत होती. तीही खरी, घातक. नाव तिचंही काढलेलं. ती कोणाची, मला ठाऊक नाही.

"नको," मी म्हणाले.