ताईने ऐकलेले अण्णा

आज ताईबरोबर चांदवडला गेले होते. जुनं कोर्ट होतं तिथे ताईने रिक्षा थांबवली आणि मोठ्याने ओरडली, "सखाराम गणपत, हाजिर हो!" रिक्षावाला दचकला.

"आमचे अण्णा असे पुकारायचे," ती हसत म्हणाली.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कोर्टात शिपाई होते. दिवसभर पुकारून घसा बसायचा, म्हणून घरी अगदी हळू बोलत. ताई डबा पोचवायला जायची, तिने तो आवाज ऐकला. ऐंशीच्या दशकात, मी जाण्याएवढी होण्याआधीच कोर्ट पाडलं आणि अण्णांना रेकॉर्डरूमला बसवलं.

"तुझ्या वाट्याला कुजबुजच आली गं," ताई म्हणाली. तिचा फार हेवा वाटला.

अण्णा आता नाहीत. तुमच्या घरात कुणाची केस तिथे होती का? तो आवाज कसा होता, विचारून सांगाल?