शिट्टी मारणारा दात

कवळीचा जळफळाट सुरू झाला तो एका हसण्यावरून. हसला होता मास्तर, आणि त्याला हसवलं होतं भलत्यानंच.

दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून खोटे दात आणि कवळ्या बनवणं हा कवळीचा धंदा. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडात डोकावायच्या आणि त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मागच्या फळीवर येऊन बसायचे. अर्धं गाव तिथं आ वासून त्याच्याकडे बघत असे. मित्रांनी म्हणून त्याला कवळी हे नाव दिलं आणि ते असं घट्ट बसलं की खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघत नसे.

मास्तर म्हणजे पोहण्याचा मास्तर. खांदे कपाटाएवढे. आवाज तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून घोगरा झालेला. जेवताना ‘मीठ दे’ म्हणाला तरी पलीकडच्या काठावरच्या पोराला ‘पाय मार’ म्हटल्यासारखं वाटायचं. दोघं अकरा वर्षं एका घरात राहत होते. घरमालकिणीला त्यांनी मावसभाऊ असल्याचं सांगितलं होतं. ती भाडं घ्यायला आली की मावशीची चौकशी करायची आणि कवळी दर खेपेला मावशीला नवा आजार द्यायचा. गुडघे झाले, मोतीबिंदू झाला, पित्ताचे खडे काढून झाले. नसलेली मावशी त्या घरात फार सोसत होती.

आता मुद्द्याची गोष्ट. ओळख नवीन असताना मास्तर एकदा म्हणाला होता की आपल्याला बुवा पुरुषासारखे पुरुष आवडतात, ते बायकी हातवारे वगैरे आपल्याला झेपत नाहीत. कवळी तेव्हा एक नंबरचा नकलाकार होता. आत्याचा आवाज असा काढायचा की आतल्या खोलीतून आत्याचे यजमान घाबरून ‘आलो, आलो’ म्हणायचे. बोलताना त्याचे हात पाखरांसारखे उडायचे. मास्तरचं ते वाक्य ऐकलं आणि त्यानं हात खिशात घातले. आवाज एक मजला खाली उतरवला. चालताना खांदे हलवायला शिकला, हसताना फक्त नाकातून हवा सोडायला शिकला. आत्याला तर त्यानं कायमची कुलूपबंद केली. पुढे कुणी ‘तुझ्याकडे बघून वाटत नाही हं’ असं म्हणालं की त्याला आठवडाभर बरं वाटायचं.

मास्तरनं याबद्दल कधी काही म्हटलं नाही. कवळीला वाटायचं, आवडलंय म्हणूनच गप्प आहे.

तर अशा सुरळीत चाललेल्या संसारात रुमाल आला.

दर रविवारी ही दोघं आणि त्यांची मित्रमंडळी नानांच्या खोलीवर जमायची. नाना कंपूतले सगळ्यांत वडीलधारे, निवृत्त टपाल कारकून, खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खाली टायरमध्ये हवा भरली की वर फुसफुस ऐकू यायची आणि नाना म्हणायचे, बघा, कुणीतरी आपल्याला नावं ठेवतंय. कंपूत नवा आलेला रुमाल बायकांच्या चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता होता. गळ्याला रोज नवा रंगीत रुमाल, आणि तोंडात सतत ‘अगं बाई’. नानांना अगं, मास्तरला अगं, चहाच्या किटलीलासुद्धा अगं. स्वतःबद्दल बोलताना तो बेधडक ‘मी बायल्या’ म्हणायचा, दुसऱ्या कुणी ‘मी सुतार’ म्हणावं तसं. कवळीच्या अंगावर काटा यायचा.

त्या रविवारी विषय निघाला होता, कुणाला काय आवडतं. नाना म्हणाले, आपल्याला चष्म्याचे आवडतात, काढून ठेवला की बिचाऱ्यांना काही दिसत नाही, मग आपण सुंदर. कवळी खर्जात म्हणाला, पुरुषानं पुरुषासारखं असावं, आपली तेवढीच अपेक्षा. म्हणताना त्यानं मास्तरकडे पाहिलं. मास्तर बिस्कीट चहात बुडवत होता. रुमाल म्हणाला, अगं, मला तर पाय बघितल्याशिवाय काही सुचतच नाही, धंद्याची सवय. आणि मग आठ नंबरचा पाय पाच नंबरच्या बुटात कोंबणारी एक बाई त्यानं उभी केली. बाईचं कण्हणं, नवऱ्याचं उसासणं, मालकाचं ‘ताई, चामडं सैल होतं हो’, आणि शेवटी खुद्द बुटाचं रडणं.

मास्तर हसला. कपाटाएवढे खांदे गदागदा हलले, चहा सांडला, डोळ्यांतून पाणी आलं. त्या मापाचं हसू अकरा वर्षांत कवळीच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. आणि कशावर? ज्याला त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं, नेमकं त्याच्यावर.

तेवढ्यात नानांचं बिस्कीट चावताना रुमालचा पुढचा खोटा दात मोडला. मास्तर लगेच म्हणाला, काळजी कशाला, आपला कवळी देईल की करून. ‘आपला’ म्हणे. कवळीला तो शब्द खड्यासारखा लागला. तो आजवर फक्त मास्तरचा होता, आता सार्वजनिक झाला.

दोन दिवसांनी रुमालचं तोंड प्लास्टरमध्ये फळीवर येऊन बसलं. कवळीनं ते तळहातावर घेतलं. काय आहे एवढं यात? खालचे दात गर्दीतल्यासारखे एकमेकांवर रेललेले. टाळू साधी. वरच्या ओळीत मधोमध खिंडार. याच भोकातून मास्तरचं हसू पळवलं यानं. कवळी बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिला आणि तोंड त्याच्याकडे.

दात त्यानं सुरेख केला. रंग जुळवला, कड जुळवली. मग कानस उचलली आणि मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा ठिकाणी, केसभर जास्त घासला. तेवढं पुरतं. हवा तिथून निसटते आणि प्रत्येक ‘स’बरोबर बारीक शिट्टी वाजते. कर आता नकला, असं म्हणून त्यानं दात डबीत ठेवला. त्या संध्याकाळी घरी त्यानं मास्तरच्या आवडीची भाजी केली, दोनदा वाढली.

पुढचा रविवार. रुमालनं तोंड उघडलं, ‘साहेब, साडेसात साईज संपली’ म्हणाला, आणि पाच शिट्ट्या वाजल्या. क्षणभर तो स्वतःच दचकला. कवळीनं नाकातून हवा सोडली.

पण रुमाल हा रुमाल. त्यानं डोळे मोठे केले, पुन्हा एकदा वाजवून पाहिलं, आणि तिथल्या तिथं एक शिट्टीवाली गिऱ्हाईक जन्माला आली. ती सँडल मागते आणि रस्त्यावरचे पोलीस धावत येतात. ती सासूची तक्रार सांगते आणि गाडी सुटते. नाना उशीत तोंड खुपसून हसायला लागले. मास्तर तर जमिनीवर बसला, हात रुमालच्या गुडघ्यावर ठेवून, ‘परत, परत सांग ते सासूचं’ म्हणत.

कवळीनं तो हात पाहिला.

“पुरे की रे,” तो म्हणाला. “बायल्या कुठला.”

खोलीतलं हसू खट्कन थांबलं. शब्द नवा नव्हता, रुमालच दिवसातून दहादा वापरायचा. आवाज नवा होता. अकरा वर्षांत कवळीनं कुणाची नक्कल केली नव्हती, आणि आज नकळत केली ती हुबेहूब वठली: शाळेच्या जिन्यात त्याचं दप्तर हिसकावून घेणाऱ्या पोरांची. तोच दाबलेला ‘बा’, तोच थुंकल्यासारखा ‘ल्या’. त्याचं त्यालाच ऐकू आलं.

“तो स्वतःच म्हणतो,” तो नानांकडे बघत पुटपुटला. “मग मी म्हटलं तर...”

“तो स्वतःला म्हणतो,” नाना म्हणाले. “तू त्याला म्हणालास.”

रुमालनं तोंडात दोन बोटं घातली, दात काढला आणि बशीत ठेवला. त्या खिंडारातून बोलायला लागला तेव्हा शिट्टी नव्हती, नुसती हवा होती.

“माझा खरा दात गेला ना, तेव्हा थोरला भाऊ हेच म्हणाला होता. असंच. आधी शब्द, मग कोपर.” त्यानं बशी कवळीकडे सरकवली. “घे. तुझाच आहे.”

घरी जाताना मास्तर दोन पावलं पुढे चालला. कुलूप काढलं, दिवा लावला, बूट काढले. कवळीला भांडण हवं होतं. ते मिळेना तेव्हा तोच फुटला. म्हणाला, मी तुझ्यासाठी काय काय सोडलं तुला माहीत आहे का? हात सोडले, आवाज सोडला, आत्या सोडली. आणि तू त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हसतोस.

“आत्या,” मास्तर म्हणाला. “मी नेहमी म्हणायचो मनात, हिचं काय झालं. पहिल्यांदा तुला पाहिलं तेव्हा तू रांगेत उभा राहून तिचीच नक्कल करत होतास. मी माझा नंबर सोडून तुझ्या मागे येऊन उभा राहिलो. बंद का केलंस ते?”

“तू म्हणालास म्हणून. पुरुषासारखे पुरुष.”

मास्तरनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. “मी? असेन म्हणालो. तेव्हा मी तलावावर नवीन होतो, कुणाला कळेल म्हणून सारखा घाबरलेला असायचो. काहीही बडबडायचो.” मग हळूच म्हणाला, “मला आठवत नाही रे.”

अकरा वर्षं खिशात घातलेले हात, आणि याला आठवत नाही. कवळीला हसावं की उशी फेकून मारावी ते कळेना. त्यानं उशी मारली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दात पहिल्यापासून करायला घेतला. जुन्यावर थर चढवून भागलं असतं, पण त्यावर त्याचा हात चालेना. दुकानात जाऊन त्यानं रुमालला स्वतः बोलावणं केलं. तिथं त्याला एका बाईसाठी तीन जोड हातात धरून उभं राहावं लागलं तेव्हा कुठे रुमालनं त्याच्याकडे पाहिलं.

रुमाल आला, खुर्चीत बसला. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या. कवळीनं डोक्यावरचा मोठा दिवा त्याच्या तोंडावर आणला आणि दिव्याच्या आडून सांगितलं की ती शिट्टी आपण मुद्दाम ठेवली होती. आणि ते दुसरं, ते बोललो ते, फार वाईट बोललो.

“शिट्टीचं मला तेव्हाच कळलं होतं,” रुमाल म्हणाला. “मी नाही का, चिडले की गिऱ्हाइकाला अर्धा नंबर लहान देते? पण तो शब्द परत त्या आवाजात काढलास तर चावेन. तुझ्याच दातानं.”

दात बसला. आता बोलून बघायचं. यासाठी कवळी सगळ्यांना एकच वाक्य म्हणायला लावायचा, ‘सकाळी साबण संपला’, सपाट आवाजात, हिशेब सांगितल्यासारखं. आज त्यानं तोंड उघडलं आणि कोण जाणे कशी, आत्या बाहेर आली. जरा गंजलेली, पण तीच. “सकाळी साबण संपला, आणि सांगायचं सौजन्य कुणाला?”

रुमालचे डोळे विस्फारले. मग त्यानं आत्याला सासूच्या आवाजात उत्तर दिलं, सगळे ‘स’ स्वच्छ. आत्यानं सासूचं माहेर काढलं. सासूनं आत्याचा साबणच काढला. कवळीचे हात खिशातून कधी बाहेर आले आणि उडायला लागले, त्याला कळलंच नाही.

दारातून गदागदा हसण्याचा आवाज आला. मास्तर त्याला न्यायला आला होता, ओल्या केसांनी, शिट्टी गळ्यात तशीच. चौकट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अगदी त्याच मापाचं.

कवळीनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो कुणाकडे बघतोय ते पाहिलं. कवळीकडेच बघत होता. नक्की. जवळजवळ नक्की. तरीपण आत्याचं वाक्य न तोडता कवळीनं एक हात वर केला आणि तो मोठा दिवा रुमालच्या तोंडावरून हळूच बाजूला सरकवला.