टेंपो येण्याआधीचं फुटेज

पोलीस ठाण्यात माझी खुर्ची होती, पण खुंटीवर टोपी नव्हती. तपासाच्या मदतीला कंत्राटावर घेतलेली बाई मी. त्याआधी कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे. आता काम एकच: गुन्हा घडला की आसपासच्या दुकानांतलं, बंगल्यांतलं सीसीटीव्ही फुटेज गोळा करायचं आणि डोळे दुखेपर्यंत बघत बसायचं. काम असलं की शिपाई मला 'म्याडम' म्हणायचे आणि नसलं की 'त्या कंत्राटी बाई'. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण बोलून दाखवलं नाही.

माझ्या जोडीला एक हवालदार दिले होते. निवृत्तीला टेकलेले, आणि आवाज असा की ठाण्यातला जबाब शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. त्यांचा वर्दीवर फार भरवसा. पण वर्दी दारात दिसली की दुकानदाराचा कॅमेरा हमखास बंद असायचा. "लई दिस झालं साहेब, बंदच हाय की." मी एकटी गेले की तोच माणूस स्टूल पुढे सरकवायचा, "बसा म्याडम, कुठलं पायजे?" शेवटी आमचं ठरूनच गेलं. मी दुकानात, ते समोरच्या चहाच्या टपरीवर. मी बाहेर आले की म्हणायचे, "झाला न्हवं चालू? हातगुण हाय तुमचा."

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक माणूस सकाळची पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी निघाला होता. वाटेत एका टेंपोने त्याला उडवलं आणि टेंपो पळाला. माणूस जागेवरच गेला. नंबर कुणी बघितला नव्हता, म्हणून मी एकेका कॅमेऱ्यातून टेंपोच्या मागे लागले. प्रत्येक दुकानाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्या मर्जीने चालतं, कुणाचं पुढे, कुणाचं मागे. ते जुळवत जुळवत हातकणंगल्याच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपापर्यंत पोचले, तेव्हा कुठे नंबर वाचता आला. टेंपो सापडला, चालकही सापडला.

मग मी अपघाताच्या आधीचं फुटेज बघायला घेतलं. हवालदार खेकसले, "आता मागं काय बघताय? मेलेला माणूस कुठं पळून जाणार हाय व्हय?"

मी म्हटलं, "उद्या चालक म्हणेल, मोटारसायकलच चुकीच्या बाजूने आली. मग?"

त्यांनी खुर्ची माझ्या स्क्रीनकडे ओढली. "बघा, बघा," म्हणाले.

मोटारसायकलवाला नीट आपल्या बाजूनेच चालला होता. त्याच्याही थोडं आधी तो एका भज्यांच्या गाड्यावर थांबला होता. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याला तो एका बाजूने दिसत होता. गाडेवाला कढईतून घाणा काढत होता. याने दोन बोटं दाखवली. वर्तमानपत्रात बांधलेले दोन पुडे घेतले, पिशवीत घातले आणि पिशवी हँडलला अडकवली. एकही भजं तोंडात टाकलं नाही. मला नवल वाटलं. पाळी करून आलेला माणूस, समोर गरम भजी, आणि हा पिशवीला गाठ मारतोय! अहवालात मी एवढंच लिहिलं की इसम योग्य बाजूने जाताना दिसतो. भज्यांचा तपासाशी काय संबंध?

काही दिवसांनी त्याची बायको ठाण्यात आली. नवऱ्याचा मोबाईल कधी परत मिळेल, ते विचारायला. हवालदारांनी तिला कोर्टाची रीत समजावून सांगितली, त्यांच्या मानाने खूपच हळू आवाजात. ती उठली, पण दाराकडे न जाता माझ्या टेबलापाशी आली. तिथे वर्दी नसलेली मी एकटीच होते.

"ताई, कॅमेऱ्यात तुम्हीच बघितलासा न्हवं त्यास्नी?"

"हो."

"काय खाल्लं हुतं का वो त्यांनी?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तेही तिला आता धड आठवत नव्हतं. भरलेला डबा ओट्यावर तसाच ठेवून तो निघून गेला होता.

"रागानं गेल्यात. उपाशी गेल्यात का, तेवढं सांगा. तवापासनं माझ्या घशाखाली घास उतरंना झालाय."

आम्हाला टेंपो हवा होता, तो मिळाला होता. हिचा तपास वेगळाच होता आणि त्यात आरोपी ती स्वतःच होती. मला फार वाईट वाटलं. 'खाल्लं होतं' म्हणणं किती सोपं! शब्द ओठांवर आलेच होते. पण शवविच्छेदनाच्या अहवालात पोट रिकामं असल्याची नोंद होती. खटल्यात ती वाचली जाईल, तेव्हा ही बाई समोर बसलेली असेल. शिवाय तपासातलं बाहेर बोलायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावलेलं. मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी टोपी उचलली.

"मी च्या सांगून येतो," म्हणाले आणि गेले. चहा सांगायला ते आजवर कधी खुर्चीतून उठले नव्हते. खिडकीतूनच ओरडायचे.

"खाल्लं नव्हतं," मी म्हटलं. तिच्याकडे बघवेना, म्हणून पुढचं घाईघाईने सांगून टाकलं. भज्यांचा गाडा, दोन बोटं, दोन पुडे, हँडलला अडकवलेली पिशवी. "घरी घेऊन येत होते. दोघांसाठी."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"कांद्याची का मिरचीची?"

"कॅमेऱ्यात तेवढं दिसत नाही हो."

"एक पुडा मिरचीचाच असणार की," ती म्हणाली. "त्यास्नी सोसत न्हाय मिरची. मला लागती."

आणि मग ती रडली. मी तिला खुर्ची दिली आणि तिच्याजवळ उभी राहिले. हवालदार आले ते चहा घेऊनच, सोबत बिस्किटाचा पुडा. तिने डोळे पुसले, एक बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं.