सिस्टरची बुटकी चाकं

दवाखान्यात सिस्टर पाच होत्या, पण नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच बाई उभी राहायची. उंच, सडपातळ, मागे औषधांची पेटी बांधलेल्या काळ्या सायकलवरून ताठ मानेनं येणारी. बावीस वर्षं ती दगडखाणीकडच्या वस्तीत घरोघर फिरत होती. जखमा बांधायच्या, बाळंतिणींना तपासायचं, लहानग्यांना टोचायचं. नवरा छापखान्यात कामाला होता. तो चारचौघांत म्हणायचा, “माझ्यापेक्षा त्या सायकलीचं नशीब थोर. तिला रोज तेलपाणी मिळतं.”

पुलापर्यंत रस्ता गुळगुळीत होता. पुलापलीकडे खाणीच्या ट्रकांनी त्याची पार चाळण केली होती. तीन किलोमीटर मुठीएवढे सुटे दगड, आणि त्यांतून जाणारी सिस्टरची उंच, अरुंद चाकं. घरी परतल्यावर तिची मनगटं इतकी ठणकायची की पातेल्यावरचं झाकणसुद्धा ती दोन्ही हातांनी उचलायची.

एका सकाळी पुढचं चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं आणि सिस्टर हँडलवरून पुढे फेकली गेली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पेटी घरंगळत गेली, आतल्या बाटल्यांचा चुरा झाला. खाणीतल्या दोघांनी तिला उचलून पुलाशी आणलं, तेव्हा ती हाताबद्दल बोलतच नव्हती. “पहारवाल्या आजोबांचं ड्रेसिंग राहिलं,” एवढंच तिचं चाललं होतं.

हे आजोबा म्हणजे उभा जन्म पहारीनं दगड उलथवलेला म्हातारा. त्यांच्या नडगीवरची जखम वर्षभर भरत नव्हती. एक दिवसाआड धुऊन बांधली तरच ती आटोक्यात राहायची.

सिस्टरचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी वस्तीसाठी नवी सोय केली. आठवड्यातून एकदा गाडी पुलापर्यंत जाईल, रोग्यांनी तिथवर यावं. सिस्टर गळ्यात हात अडकवून त्यांच्या खोलीत गेली.

“डॉक्टर, ज्याला चालता येत नाही तो पुलापर्यंत येणार कसा?”

“मला कळतंय सिस्टर. पण तुमचं वय एकोणपन्नास. त्या दगडांवर आता...”

“दगड माझ्याहून म्हातारे आहेत. त्यांना कुणी काही म्हणत नाही.”

डॉक्टरांना हसू आलं, तरी ते बधले नाहीत. “ती सायकल मला त्या रस्त्यावर पुन्हा दिसता कामा नये.”

“ती नको म्हणालात. सायकलच नको, असं नाही म्हणालात,” सिस्टर म्हणाली आणि दार लोटून बाहेर पडली.

बोलून तर बसली, पण पुढे करायचं काय, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. गाडीबरोबर ती पुलाशी जायची आणि जे येतील त्यांना एका हातानं तपासायची. आजोबांना नातवंडांनी एकदा खाटेवरून आणलं. जखमेला वास यायला लागला होता.

त्याच दुपारी वस्तीतून पाववाला येताना तिला दिसला. सायकलच्या पुढे-मागे पावांच्या टोपल्या, तोंडानं शीळ. दगडांवरून तो असा येत होता, जणू बागेत फिरायला निघालाय. सिस्टरनं त्याला हात करून थांबवलं आणि सरळ रस्त्यावर उकिडवी बसली. चाकं बुटकी होती, टायर मात्र चांगले गलेलठ्ठ.

“काय झालं सिस्टर? पंक्चर आहे का?” पाववाला घाबरला.

“काही नाही. जरा नाडी बघतेय,” ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ फिटर होता. रविवारी सकाळी ती सायकल ढकलत त्याच्या वर्कशॉपमध्ये हजर झाली. “मला हिला छोटी चाकं आणि जाड टायर बसवायचेत.”

“ताई, हात मोडलाय की डोकं? नवी सायकल घे ना.”

“हिचा सांगाडा माझ्या उंचीचा आहे. दुसऱ्या सायकलवर माझे गुडघे कानाला लागतात.”

भावानं कपाळावर हात मारला, पण पट्टी काढलीच. एकदा मापात शिरला की त्याला दुसरं काही सुचत नसे. जुन्या चाकाला जाड टायर घातला तर तो सांगाड्याच्या मागच्या दांड्यांना घासणार होता. चाक लहान केलं की टायर मधल्या एक्सलकडे सरकतो, तिथे दांडे फाकलेले, म्हणजे मोकळी जागा. त्यानं खडूनं फरशीवर आकडे मांडले. “रिमची कड एकतीस मिलिमीटर खाली जाणार. टायर जाड असल्यामुळे अठरा परत वर. म्हणजे सायकल तेरा मिलिमीटरनं बुटकी होणार. पॅडल दगडाला आपटेल.”

“मग पॅडलचा दांडा आखूड बसव.”

भावानं चमकून वर पाहिलं. “आणि ब्रेक? ब्रेकशू रिमपर्यंत पोचणारच नाहीत.”

“ते तू बघ. फिटर तू आहेस का मी?”

त्यानं पोलादाच्या दोन जाड पट्ट्या कापल्या, कानस मारली, भोकं पाडली आणि त्यांच्या आधारानं दोन्ही ब्रेक बरोबर एकतीस मिलिमीटर खाली उतरवले. चाकं मात्र सिस्टरनं स्वतः विणली. तोवर प्लास्टर निघालं होतं, बोटांना व्यायाम हवाच होता. जुन्या चाकांच्या मधल्या हबमध्ये आखूड तारा ओवून ती एकेक तार नव्या रिमला जोडत गेली. पहिलं चाक इतकं आउट निघालं की ते डुलत फिरताना बघून भाऊ पोट धरधरून हसला. तिनं सगळं उसवलं आणि परत विणलं. तिसऱ्या खेपेला चाक फिरवलं, तेव्हा ते जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटलं. भाऊ हसला नाही. कान खाजवत म्हणाला, “आमच्या वर्कशॉपात नोकरीला येतेस का?”

पेटीत पाण्यानं भरलेल्या बारा बाटल्या ठेवून ती पुलापलीकडे गेली. अर्ध्या किलोमीटरवर उतरली, पेटी उघडली. चार फुटलेल्या. मनगटही पहिल्यासारखंच ठणकलं. सिस्टर रस्त्याच्या कडेला बसली आणि रडायच्या बेतात आली. एवढा खटाटोप करून हाती काय, तर चार फुटक्या बाटल्या!

सवयीनं तिचा अंगठा टायरवर गेला. सुजलेला पाय दाबून बघतात, तसा तिनं तो दाबला. टायर दगडासारखा टणक होता. भावानं जुन्या चाकात भरतात तशीच ठासून हवा भरली होती. अरुंद टायरला ती लागते. याला कशाला?

तिनं थोडी हवा सोडली. दाबलं. आणखी सोडली. अंगठा जरासा आत गेला आणि टायरनं त्याला परत वर लोटलं, तेव्हा थांबली. मग सायकलवर बसली. आता टायर दगडाशी भांडत नव्हता. दगड आला की दबायचा, तो गेला की पुन्हा फुगायचा. वस्तीपर्यंत जाऊन ती परत आली. उरलेल्या आठही बाटल्या शाबूत होत्या. पुलावर कुणी नाही असं बघून सिस्टरनं एकोणपन्नासाव्या वर्षी दोन्ही पाय पॅडलवरून उचलून उतारावर सायकल सोडून दिली.

सोमवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं, “आज गाडीबरोबर तुम्हीच चला. स्वतः बघा.”

पुलाशी गाडी थांबली. सिस्टर सायकलवर टांग मारून निघून गेली, डॉक्टर पायी निघाले. घामानं निथळत, एका बुटाचा तळ उचकटलेला, असे ते वस्तीत पोचले, तोवर सिस्टरनं तीन घरं उरकली होती. चौथ्या घरी ती आजोबांच्या नडगीला पट्टी बांधत होती. डॉक्टरांनी जखम बघितली. मग बाहेर जाऊन बराच वेळ सायकल बघितली. ब्रेकच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, टायर दाबला.

“कुठल्या दुकानातून करून घेतलंत हे?”

“दुकानातून कशाला? पट्ट्या भावानं केल्या,” सिस्टर म्हणाली. “बाकीचं मी केलं.”

आजोबा आतून ओरडले, “डॉक्टर, आमच्या बाईला परत घरी बसवलंत ना, तर याच पायानं तुमच्या दारात येऊन बसेन!”

“नाही बसवत, आजोबा,” डॉक्टर म्हणाले. मग सिस्टरकडे वळून, थोडं अवघडून, “सिस्टर, माझं चुकलं. उद्यापासून वस्ती तुमची.”

एक दिवसाआड ड्रेसिंग पुन्हा सुरू झालं. जखम कडेकडेनं भरत आली आणि चौथ्या महिन्यात आजोबा काठी टेकत स्वतःच्या पायांनी पाणवठ्यापर्यंत गेले. सिस्टर मागे उभी राहून बघत होती. आपल्याच लेकरानं पहिलं पाऊल टाकावं, तसा तिचा ऊर भरून आला होता.

दवाखान्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. एका रविवारी बाकीच्या चौघींपैकी सगळ्यात धाकटी सिस्टर दोन रिम खांद्याला अडकवून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. “ताई, मलाही नदीकाठचा रस्ता आहे. तुमच्यासारखी करून द्याल?”

“करून नाही देणार,” सिस्टर म्हणाली आणि तिच्या हातात तारांचा जुडगा ठेवला. “शिकवीन. बैस. आधी सगळ्या तारा ढिल्या लावायच्या.”

शेजारचा सुतार दारातून डोकावत होता. त्याला भावानं जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बघून ठेव. बहीण आहे माझी.”