खंड्याची अर्धी पळी

आमच्या खंड्या कुत्र्याला मी दोनदा मारायला निघाले होते.
एकदा चरबी घालून. एकदा चरबी तोडून.

तरी पठ्ठ्या तेरा वर्षं जगला!

आज त्याला जाऊन वर्ष झालं. रडायचं नाही असं ठरवलंय, कारण सांगण्यासारखं फार आहे.

मला काही टाकवत नाही. रविवारच्या मटणाची चरबी, तूप कढवल्यावरची बेरी, दुधाची साय, सगळं त्याच्या भाकरीत.
त्याची शेपूट गरगर. मी खूश.

मग एका सोमवारी उलट्या सुरू. पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा. पोटाला हात लावला तर कण्हला.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, स्वादुपिंडाला सूज आहे, एवढं फॅट झेपलं नाही.

चार दिवस सलाईन. मी अंबाबाईला हात जोडले आणि घरी आल्यावर त्याचं तेल-तूप कायमचं तोडलं. बिनकातडीचं चिकन, भात, भोपळा. चिकनचं पाणीसुद्धा गार करून वरचा तवंग काढायचा.

काही महिन्यांत अंगावर कोंडा. केस राठ. दिवसभर खाजवणं.

परत मॅडमकडे. तेल किती घालता, विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, थेंबभर नाही.

"काकू, कमी करा म्हटलं होतं. उपास धरा म्हटलं नव्हतं."

अहो, कुत्र्याच्या अंगालाही फॅट लागतंच! फक्त मापात!

चमच्यानं मोजायचं, तर घरात चमचे पाच आकाराचे. शेवटी पूजेतली जुनी पळी घेऊन गेले. मॅडमनी सिरिंजनं पाणी भरून ती मोजली आणि सांगितलं, रोज अर्धी पळी तेल.

आमचे हे म्हणाले, "देवाची पळी कुत्र्याला व्हय?"

"खंडोबासंगं कोण असतंय? मग गप बसा की."

दोन महिन्यांत काय सांगू! काळाभोर, चकचकीत! गल्लीतल्या बायका विचारायच्या, नवीन कुत्रं आणलंसा काय?

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी रोज तेलाची खूण. पाच वर्षं. परत तसं दुखणं नाही!

(तुमच्या कुत्र्याचं माप तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. माझं बघून घालू नका.)

गेला तो म्हातारपणानं. शेवटी खाणं सोडलं होतं. तुळशीचं पाणी त्याच पळीनं तोंडात सोडलं.

पळी बघून शेपूट हलली. त्याला तेलच वाटलं असणार.

आज ती घासून परत देवघरात ठेवली.

खंड्या, माझं चुकलेलंही तू आनंदानं खाल्लंस.
असशील तिथं सुखात राहा.
आणि कुणी साय दिली, तर बेतानं खा रे बाळा.